सव्वाअकराला थांबलेलं घड्याळ

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, इस्पितळ होतं. माझे आजोबा तिथे भाजी घालायचे. घरी आले की तिथल्या गमतीजमती सांगायचे आणि पुढे आजीने त्या आम्हा नातवंडांना सांगितल्या. त्यातली एक माझ्या लक्षात राहिली. भाजी घेणाऱ्या एका बाईने खोलीत एका मनोऱ्याचं चित्र लावलं होतं. आजोबांनी खुणेनं विचारलं, हे तुमचं घर का? बाई हसली आणि हातानेच म्हणाली, माझ्या एकटीचं नाही, आमचं सगळ्यांचं. मग तिने काडेपेटी ओढल्यासारखा हात केला. म्हणजे, जळलं.

तो मनोरा कुठला, हे आजीला माहीत नव्हतं. मलाही कित्येक वर्षं नव्हतं. पुढे मी वास्तुकलेची विद्यार्थिनी झाले, नंतर तोच विषय शिकवू लागले आणि एका जाड पुस्तकात पोलंडची राजधानी वॉर्सा इथल्या राजवाड्याचं चित्र बघितलं. आजीच्या गोष्टीतला मनोरा हाच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तेव्हापासून मनात ते दोन्ही मनोरे एकच झाले आहेत. आज मी तुम्हाला त्या वास्तूबद्दल सांगणार आहे.

निवृत्त झाल्यावर वॉर्साला जायचा योग आला. सकाळची वेळ होती. जुन्या शहराच्या तोंडाशी एक मोठा चौक आहे, त्याच्या एका अंगाला विटकरी-गुलाबी रंगाची लांबच लांब भिंत आणि मधोमध घड्याळाचा उंच मनोरा. मनोरा साठ मीटर उंच, म्हणजे सुमारे दोनशे फूट. मी वर मान करून बघत होते, तेवढ्यात वरून तुतारीचे सूर आले. मी हातातल्या घड्याळात बघितलं. सव्वाअकरा. तासाला नाही, अर्ध्या तासाला नाही, सव्वाअकराच का? त्या वेळेमागे एक गोष्ट आहे. ती पुढे येईलच.

खरं सांगायचं तर मी मनात थोडी अढी घेऊनच तिथे गेले होते. कारण समोर दिसणारी ही वास्तू माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. तिची बाहेरची बांधणी १९७४ साली पुरी झाली आणि आतली दालनं लोकांसाठी १९८४ साली उघडली. जे काळाच्या पोटात गेलं, ते गेलं; त्याची हुबेहूब नक्कल उभी करून तिला जुनं म्हणणं ही फसवणूक आहे, असं आम्हाला शिकवलं होतं आणि तेच मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवत आले होते. तेव्हा हा राजवाडा खरा की खोटा, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नव्हता.

आधी जागा समजून घेऊ. विस्तुला ही पोलंडची मोठी नदी. वॉर्सापाशी तिचा डावा काठ एकदम उंच होतो. त्या उंच कड्यावर हा राजवाडा आहे. पाठीशी उतार आणि खाली नदी, समोर शहर. पोलिश भाषेत त्याला 'झामेक' म्हणतात. आपल्याकडची गढी आणि राजवाडा या दोन्ही शब्दांचा अर्थ त्यात येतो. सुरुवात गढीचीच होती. चौदाव्या शतकात इथे माझोव्हिया प्रांताच्या सरदारांची सत्ता होती. त्यांनी नदीवर नजर ठेवायला विटांचा एक भक्कम बुरूज बांधला आणि त्यानंतर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला लागून मोठा वाडा उठवला. त्या बुरुजाचा खालचा भाग आणि वाड्याखालची तळघरं आजही मूळचीच आहेत. बाकी सगळं गेलं तरी पाळंमुळं जमिनीत राहिली, हे लक्षात ठेवा.

१५२६ साली त्या सरदारांचा वंश खुंटला आणि वॉर्सा पोलंडच्या राजाकडे आलं. मग १५६९ साली पोलंड आणि लिथुआनिया यांचं एक संयुक्त राज्य झालं. दोन्ही देशांच्या प्रतिनिधींना एकत्र बसायचं तर मध्यावरची जागा हवी. ती वॉर्सा ठरली. तेव्हापासून त्या राज्याची संसद, म्हणजे 'सेयम', याच गढीत भरू लागली. राजाचं घर आणि संसद एकाच छपराखाली, अशी ही व्यवस्था होती. शिवाय त्या काळात पोलंडमध्ये राजा वंशपरंपरेने येत नसे, सरदार-उमराव त्याला निवडून देत. त्यामुळे हा वाडा कुठल्या एका घराण्याच्या मालकीचा कधी झालाच नाही. आजोबांना त्या बाईने हाताने सांगितलं, 'आमचं सगळ्यांचं', त्यात असा मोठा अर्थ होता.

आज दिसणारा आकार दिला तो राजा झिग्मुंट तिसरा याने. त्याने क्राकूव्हहून आपला दरबार वॉर्साला आणला आणि १५९८ ते १६१९ या काळात इटालियन वास्तुतज्ज्ञांकडून वाड्याचा विस्तार करवला. कड्याची जागा चौरस नव्हती, म्हणून इमारतही चौरस झाली नाही. मध्ये फरसबंद मोठा चौक आणि भोवती पाच सोपे, असा पंचकोनी वाडा उभा राहिला. शहराकडचा दर्शनी भाग अगदी साधा. सपाट गिलावा, एका ओळीत खिडक्या, दगडी चौकटी. सगळा रुबाब मधल्या मनोऱ्यात एकवटलेला. आतल्या चौकात गेलात की मात्र पूर्वेच्या बाजूला जुन्या गढीच्या विटांच्या टोकदार कमानी दिसतात. म्हणजे एकाच चौकात उभं राहून दोन-तीन शतकं बघता येतात.

या राजाच्या मुलाने बापाच्या स्मरणार्थ १६४४ साली समोरच्या चौकात एक उंच खांब उभारला आणि त्यावर त्याचा पुतळा बसवला. त्या खांबाकडे नंतर परत येऊ.

नदीकडची बाजू वेगळी आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला, म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ होता तेव्हा, सॅक्सनीहून आलेल्या राजांनी पूर्वेचा सोपा नव्याने सजवला. शहराला दिसणारा चेहरा शिस्तीचा आणि नदीला दिसणारा चेहरा नटलेला. तिथे पुढे आलेले गोलसर भाग आहेत, शिल्पं आहेत, वळणदार नक्षी आहे. माल घेऊन येणारे व्यापारी, परदेशी वकील नदीच्या बाजूने शहराकडे बघत, त्यांना राजाचं वैभव दिसावं हा हेतू. आणि कड्याच्या पायाशी एकोणिसाव्या शतकात याकुब कुबित्स्की या वास्तुतज्ज्ञाने कमानींची एक लांब ओळ बांधली. ती उताराला आधार देते आणि वरून गच्चीसारखी वापरता येते. ती कमानींची ओळ महायुद्धातूनही वाचली.

आतली दालनं सजवली ती पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की याने. हा १७६४ साली गादीवर आला. लढाईपेक्षा पुस्तकं, चित्रं आणि चर्चा यांत रमणारा माणूस. मेर्लिनी आणि काम्झेट्झर या वास्तुतज्ज्ञांनी आणि बाच्चारेल्ली या चित्रकाराने त्याच्यासाठी सिंहासनाचं दालन, मोठा दरबार अशा खोल्या तयार केल्या. एका दालनात काळाची मूर्ती आहे. एक म्हातारा खांद्यावर पृथ्वीचा गोल घेऊन वाकला आहे आणि त्या गोलावर घड्याळाचे तास कोरलेले आहेत. या वास्तूच्या नशिबात घड्याळं फार.

त्याच राजाने बेर्नार्दो बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराला वॉर्सा शहराची चित्रं काढायला सांगितली. बेलोत्तोने १७७० नंतरच्या दशकात शहराचे रस्ते, चौक, घरं इतक्या बारकाईने रंगवली की खिडकीचे गज मोजून घ्यावेत. त्यातली बावीस चित्रं आज आहेत आणि ती याच राजवाड्यातल्या एका दालनात लावलेली आहेत. राजाला हौस म्हणून काढून घेतलेली ही चित्रं पावणेदोनशे वर्षांनी गवंड्यांच्या उपयोगाला येतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

याच राजवाड्याच्या सभागृहात ३ मे १७९१ रोजी पोलंडने नवी राज्यघटना मंजूर केली. युरोपातली पहिली आधुनिक लिखित राज्यघटना म्हणून तिचं नाव घेतात. ती जेमतेम वर्षभर चालली. शेजारच्या रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी पोलंडचे लचके तोडले आणि १७९५ साली देश नकाशावरून नाहीसा झाला. पुढची एकशेतेवीस-पंचवीस वर्षं पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. राजवाड्यात रशियन झारचे अधिकारी राहू लागले. १८३१ साली उठावाच्या वेळी पोलिश संसदेने झारला पदच्युत केल्याचा ठराव केला, तोही इथेच. उठाव मोडल्यावर झारच्या लोकांनी संसदेच्या दालनांचं रूप बदलून टाकलं. १९१८ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा राजवाड्याची डागडुजी झाली आणि तो राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान बनला.

आता त्या सव्वाअकराकडे येऊ.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला जर्मन तोफांच्या माऱ्यात राजवाड्याने पेट घेतला. छप्पर जळालं, मनोऱ्याचं शिखर कोसळलं आणि घड्याळाचे काटे सव्वाअकरावर थांबले. दरबाराच्या तक्तपोशीवर बाच्चारेल्लीने रंगवलेलं भव्य चित्र होतं, तेही त्या सप्टेंबरात गेलं. राजवाड्यातल्या कलासंग्रहाचे रक्षक काझिमिएझ ब्रोक्ल त्याच दिवशी तिथेच मारले गेले.

आणि त्याच दिवशी, १७ सप्टेंबरलाच, पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. त्या पूर्व भागातल्या लाखो लोकांना पुढच्या दोन वर्षांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखात पाठवण्यात आलं. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यांच्यातलेच पाच हजार आमच्या वळिवड्याला पोचले. मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं आणि आजोबांकडून भाजी घेणाऱ्या त्या बायकांची घरं सुटायला सुरुवात झाली, ती एकाच तारखेला. हे मला वॉर्साच्या चौकात उभी असताना उमगलं आणि मी जवळच्या कट्ट्यावर बसले.

आगीनंतर काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. राजवाडा जळाला तरी भिंती उभ्या होत्या. पण जर्मन राज्यकर्त्यांना ही वास्तू शिल्लकच ठेवायची नव्हती, कारण एखाद्या लोकांचा देश पुसायचा तर त्यांची संसद जिथे भरली ती जागाही पुसायला हवी. त्यांनी आतलं सामान काढून नेलं. सिंहासनामागच्या मखमलीवर चांदीच्या जरीचे गरुड भरलेले होते, ते उपटून घेतले. भिंतींना सुरुंगासाठी भोकं पाडून ठेवली. या गडबडीत राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्ट्झ आणि त्यांचे सहकारी मिळेल ते वाचवत होते. दाराच्या दगडी चौकटींचे तुकडे, शेकोटीच्या महिरपी, लाकडी नक्षीच्या फळ्या, गिलाव्यावरच्या कलाकुसरीचे नमुने असं सारं त्यांनी संग्रहालयात नेऊन ठेवलं. पकडले गेले असते तर जिवाशी गाठ होती. पुन्हा इमारत उभी राहील की नाही हे कुणालाही माहीत नसताना ही माणसं तिचे तुकडे जमवत होती.

दुसरं काम चाललं होतं कागदावर. वॉर्साच्या तंत्रशिक्षण विद्यापीठात पोलिश वास्तुकलेचा एक विभाग होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधीपासून जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढले होते. यान झाख्वातोविच हे तिथले प्राध्यापक. जर्मन अमलातही हे मोजमापाचं काम चोरून चालू राहिलं आणि शेवटी ते नकाशे शहराबाहेर नेऊन लपवण्यात आले. मी आयुष्यभर मुलांना टेप आणि ओळंबा घेऊन वाड्यांची मापं घ्यायला पाठवलं. मुलं कंटाळायची. 'बाई, याचा उपयोग काय?' असं विचारायची. उत्तर माझ्याकडे असायचं, पण असं नाही.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. त्रेसष्ट दिवस तो चालला आणि चिरडला गेला. त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जाळलं, पाडलं. १९३९ पासून तयार असलेल्या भोकांत आता दारू भरली गेली आणि राजवाडा उडवून दिला. राहिलं काय? बुरुजाचा खालचा भाग, तळघरं, शेजारचं ग्रंथालय, नदीकडच्या कमानी आणि भिंतीचा एक तुकडा, ज्याच्यात एक खिडकी शाबूत होती. त्या खिडकीमागच्या खोलीत स्तेफान झेरोम्स्की हे मोठे पोलिश लेखक १९२५ साली वारले होते. त्या वेळी वळिवड्याच्या छावणीत मुलं शाळेत जात होती, आपल्या देशाचा इतिहास शिकत होती. पुस्तकातला तो राजवाडा आता जमिनीवर नव्हता.

युद्ध संपल्यावर जुनं शहर बऱ्यापैकी लवकर उभं राहिलं. चौकातला खांब १९४९ साली नव्या दगडात पुन्हा उभारला. जुन्या खांबाचे मोडके तुकडे राजवाड्याच्या भिंतीलगत गवतावर ठेवले आहेत. तुम्ही गेलात तर जरूर बघा. नवा खांब उभा आहे आणि त्याच्या शेजारी जुना आडवा पडला आहे. कुणी काही लपवलेलं नाही. माझी अढी पहिल्यांदा सैल झाली ती तिथे.

राजवाड्याची गोष्ट मात्र रखडली. बांधायचा हा ठराव संसदेने १९४९ सालीच केला होता. पण कम्युनिस्ट सरकारला राजाच्या वाड्याचं फार प्रेम नव्हतं, पैशाचीही अडचण होती. वीस-बावीस वर्षं ती जागा मोकळीच राहिली. दरम्यान १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरचे तज्ज्ञ जमले आणि जुन्या वास्तूंच्या जतनाची एक सनद तयार केली. तीच सनद मी वर्गात शिकवायची. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की, नष्ट झालेली वास्तू पुन्हा बांधू नये. फार तर पडलेले मूळ तुकडे जागच्या जागी जोडावेत. गंमत बघा, ही सनद तयार करणाऱ्यांत कोण होते? तेच यान झाख्वातोविच. आणि या सनदेच्या आधाराने काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९६५ साली स्थापन झाली ती कुठे? वॉर्सा आणि क्राकूव्ह या शहरांत. राजवाड्याची मोकळी जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती.

मग झाख्वातोविच आपल्याच नियमाविरुद्ध गेले का? ते युद्धानंतर पोलंडमधल्या स्मारकांच्या जतनाचे प्रमुख होते आणि राजवाड्याच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. त्यांची भूमिका त्यांनी १९४६ सालीच मांडली होती. तिचा मथितार्थ असा, की हा नियम मलाही मान्य आहे. पण वास्तू काळाने पडली तर एक गोष्ट, कुणी एखाद्या राष्ट्राची आठवण पुसायला ती मुद्दाम पाडली तर दुसरी. दुसऱ्या बाबतीत गप्प बसणं म्हणजे पाडणाऱ्याचं काम पुरं होऊ देणं. मी ही भूमिका पुस्तकात वाचली होती, पटली नव्हती.

डिसेंबर १९७० मध्ये पोलंडच्या बंदरांवर संपकरी कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली आणि सत्ताबदल झाला. नवे नेते एडवर्ड गिएरेक यांना लोकांचं मन जिंकायचं होतं. जानेवारी १९७१ मध्ये त्यांनी राजवाडा बांधायची परवानगी दिली. म्हणजे निर्णयात राजकारण होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण पुढे जे झालं ते राजकारणाच्या हातात राहिलं नाही. नागरिकांची समिती झाली आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला. कुणी पैसे दिले, कुणी दागिने, कुणी जुन्या वस्तू, कुणी सुट्टीच्या दिवशी येऊन विटा-माती उपसली. परदेशात विखुरलेल्या पोलिश लोकांनीही पाठवलं. खर्चाचा मोठा भार लोकांच्या देणग्यांनी उचलला.

यान बोगुस्लाव्स्की यांच्या नेतृत्वाखाली वास्तुतज्ज्ञांनी काम सुरू केलं. भिंती जुन्या पायावर उठवल्या, आत मात्र आजच्या पद्धतीचं काँक्रीट आहे. लोरेन्ट्झ यांनी तीस वर्षं जपलेले तुकडे आता बाहेर आले. एखाद्या चौकटीचा मूळ दगड हातभर असेल, तर तो त्याच्या जागी बसवला आणि उरलेली चौकट पाथरवटांनी नवी घडवली. खिडकीवाला तो भिंतीचा तुकडा नव्या भिंतीत सामावून घेतला. जवळ जाऊन बघितलं तर काळवंडलेला दगड कुठला आणि नवा कुठला हे ओळखू येतं. दरबाराच्या तक्तपोशीवरचं चित्र छायाचित्रांवरून नव्याने रंगवलं. गरुड पुन्हा भरले. एकेका हस्तकलेचे कारागीर आधी तयार करावे लागले, कारण असं काम करणारे हात उरलेच नव्हते.

यात वादाच्या जागा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. १९३९ साली राजवाडा जसा होता तसाच तो बांधलेला नाही. सतराव्या-अठराव्या शतकातलं त्याचं वैभवाचं रूप निवडलं आणि नंतरचे काही बदल वगळले. झारच्या काळातली मोडतोड कुणाला परत हवी होती? पण तीही इतिहासाचा भागच होती. बेलोत्तोच्या चित्रांचंही तसंच. तो अंधाऱ्या पेटीतून पडद्यावर पडणारी प्रतिमा गिरवून चित्र काढत असे असं मानतात, तरी चित्र देखणं व्हावं म्हणून मध्येच हात सैल सोडायचा. चित्रकार खोटं बोलला की गवंडीही चुकतो. म्हणूनच मापाचे नकाशे आणि छायाचित्रं महत्त्वाची ठरली.

१९ जुलै १९७४ रोजी सव्वाअकरा वाजता मनोऱ्यावरचं घड्याळ सुरू केलं. जिथे थांबलं होतं तिथूनच. खाली चौकात माणसांची गर्दी होती. १९८० साली युनेस्कोने वॉर्साचं जुनं शहर जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. ते जुनं आहे म्हणून नव्हे, तर उद्ध्वस्त झालेलं शहर लोकांनी इतक्या काटेकोरपणे पुन्हा उभं केलं म्हणून. बेलोत्तोची चित्रंही परत आली. ज्या शहराची ती चित्रं होती ते शहर त्यांच्याच मदतीने उभं राहिलं आणि मग ती आपल्या भिंतीवर जाऊन बसली.

एक प्रसंग सांगून मी वळिवड्याकडे परत येते. युद्धानंतर पोलंडचं जुनं सरकार लंडनमध्ये परागंदा अवस्थेत चालूच होतं. जग त्याला मानत नव्हतं, तरी एकामागून एक राष्ट्राध्यक्ष नेमले जात होते. त्यातले शेवटचे रिशार्द काचोरोव्स्की. हेही पूर्व पोलंडचेच, तरुणपणी सोव्हिएत तुरुंग आणि सायबेरिया भोगून बाहेर पडलेले. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर २२ डिसेंबर १९९० रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची राजचिन्हं नवनिर्वाचित अध्यक्ष लेख वावेन्सा यांच्या हाती सोपवली, ती याच राजवाड्यात. एकावन्न वर्षं घराबाहेर असलेलं एक राज्य घरी आलं. यायला घर होतं म्हणून आलं. वळिवड्यातल्या बहुतेकांना आपल्या मूळ गावी कधीच जाता आलं नाही, कारण ती गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. पण वॉर्सात कोल्हापूरच्या छावणीचं स्मारक आज आहे. त्याच्यासमोर मी दोन मिनिटं उभी राहिले आणि आजोबांची आठवण झाली.

तर हा राजवाडा खरा की खोटा? मी आता असं म्हणते: दगड बहुतेक नवे आहेत, हे उघड सांगितलेलं आहे, तेव्हा फसवणूक नाही. खरे आहेत ते पाया, ते वाचवलेले तुकडे आणि ते नकाशे. यांतलं काही नसतं, नुसत्या कल्पनेवर वाडा उठवला असता, तर तो सिनेमाचा देखावा झाला असता. सनदेतला नियम मी आजही शिकवीन. फक्त त्याच्या शेजारी वॉर्साची गोष्टही सांगेन, गवतावर पडलेल्या त्या जुन्या खांबासारखी.

शेवटी एक कबुली. कोल्हापुरात आमचा स्वतःचा चौसोपी वाडा होता. मी शेकडो मुलांना दुसऱ्यांचे वाडे मोजायला पाठवलं, आमचा मोजला नाही. घरचाच होता, कधीही मोजता आला असता. मग वाटण्या झाल्या, वाडा पाडला, तिथे तीन मजली इमारत उभी राहिली. आजोबा छावणीतून आल्यावर जिथे टेकून बसत, त्या देवडीची उंची किती होती हे आज मला सांगता येत नाही. आम्हा भावंडांत त्यावरून वाद होतो आणि तो मिटवायला एकही कागद नाही.

तुमच्या घरी, गावात अजून एखादी देवडी, एखादा चौक, एखादा घाट शिल्लक असेल. या रविवारी घरातल्या मुलांना हाताशी घ्या. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचा. तासाभराचं काम आहे. वही मात्र नीट ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)